भाषणं पुरे, मुलाला तीन सेकंद द्या

दहावीच्या परीक्षा जवळ आल्या की आपल्या नाशिककडे शाळाशाळांत प्रेरणादायी व्याख्यानं सुरू होतात. वक्ते तळमळीने बोलतात, मुलं जोरात टाळ्या वाजवतात आणि दुसऱ्या दिवशी गणिताच्या तासाला तीच मुलं मान खाली घालून बसलेली असतात. मी दिंडोरी तालुक्यात गणित शिकवतो. मला हे बघवत नाही, म्हणून लिहितोय.

मुलाची अभ्यासाची इच्छा रोजच्या तासातल्या बारीकसारीक गोष्टींवर टिकते किंवा मरते. आपण प्रश्न विचारतो, क्षणभर थांबतो, की लगेच "बस खाली, तू सांग रे!" अमेरिकेतल्या शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी 1970च्या दशकात हेच मोजलं होतं. शिक्षक प्रश्नानंतर जेमतेम एक सेकंद थांबत. तीन सेकंद किंवा जास्त थांबले, तेव्हा उत्तरं लांबली, "माहीत नाही" कमी झालं, आणि एरवी गप्प बसणारी मुलंही बोलू लागली. याला ना खर्च लागतो, ना प्रोजेक्टर.

माझ्या वर्गात एक मुलगी आहे. घरी द्राक्षबाग. प्रमाणाचं गणित फळ्यावर आलं की ती वहीत बघत बसायची. एकदा छाटणीच्या दिवसांत विचारलं, "लिटरला अडीच मिली औषध, टाकी दोनशे लिटरची. किती घालशील?" मी थांबलो. मागून दोघं-तिघं ओरडायला लागले, त्यांना हातानेच गप्प केलं. ती म्हणाली, "अर्धा लिटर, सर." मग तेच मी फळ्यावर प्रमाणात मांडलं. पुढचं गणित सोडवायला ती आपणहून उठली. गणित तिला आधीपासून येत होतं हो! शाळेतलं गणित आणि बागेतलं गणित एकच, हे कुणी दाखवलंच नव्हतं.

वहीतल्या शेऱ्याचंही तेच. "छान", "हुशार आहेस" यातून मुलाला पुढे काय करायचं ते कळत नाही. म्युलर आणि ड्वेक या मानसशास्त्रज्ञांच्या 1998च्या अभ्यासात हुशारीचं कौतुक झालेली मुलं अवघड प्रश्नांत अपयश आल्यावर लवकर खचली, मेहनतीचं कौतुक झालेली जास्त वेळ झटत राहिली. म्हणून मी लिहितो, "तिसऱ्या पायरीपर्यंत बरोबर, पुढे चिन्ह तपास." मूल खरंच ती पायरी शोधायला बसतं.

आणि "ढ" हा शब्द वर्गातून हद्दपार करा. शिक्षणहक्क कायदा, 2009च्या कलम 17नुसार मारायला बंदी आहे, तशीच मानसिक छळालाही. कायद्याचं सोडा, चारचौघांत एकदा "ढ" ठरवलेलं मूल पुन्हा हात वर करत नाही.

साठ-पासष्ट मुलांच्या वर्गात हे सगळं करताना दमछाक होते, त्यात अशैक्षणिक कामांचा भार, हे मी रोज भोगतो. म्हणूनच संस्थाचालकांना कळकळीची विनंती: व्याख्यानावर जाणारी दुपार वह्या तपासायला द्या. जानेवारीपासून द्राक्षकाढणीत हात लावायला घरी राहिलेली मुलं परत येतात, तेव्हा त्यांचं काय राहिलं हे शेजारी बसून विचारायला शिक्षकाला एक मोकळा तास द्या. त्यांची बोर्डाची परीक्षा त्याच हंगामात असते.