परदेशात जाऊनही घरीच कसे राहावे

एका सेमिस्टरसाठी जर्मनीला निघालेल्या इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्याला सल्ला देणाऱ्यांची आपल्याकडे वानवा नाही; परंतु जर्मनीची किंचितही बाधा होऊ न देता हे सहा महिने कसे काढावेत, याविषयी नीट मार्गदर्शन कोणी करत नाही. ही उणीव भरून काढण्याचा हा अल्पसा प्रयत्न आहे. उदाहरणादाखल आखेन हे शहर घेऊ, कारण तिथे आपली मंडळी मुबलक आहेत, आणि नेदरलँड्स व बेल्जियम या दोन्ही देशांच्या सीमा शहराला लागूनच असल्यामुळे आखेनमध्ये न थांबण्याची उत्तम सोय आहे.

निघण्यापूर्वी व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे दरमहा ठरावीक रक्कमच काढू देणाऱ्या खात्यात, पैसे ठेवावे लागतात, आणि 2024 पासून ही रक्कम महिन्याला 992 युरो अशी धरतात. त्यासाठी वडिलांनी कोणती मुदतठेव मोडली, याची चौकशी करू नये. केली, तर पुढे प्रवासाची तिकिटे काढताना उगाच हात आखडतो. बॅग आईला भरू द्यावी. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला सामानातून दुग्धजन्य पदार्थ आणण्यास मनाई आहे, हे तिला सांगून उपयोग नाही. साजूक तुपाची बरणी तीन प्लॅस्टिकच्या पिशव्यांत गुंडाळून, वर रबर लावून, थर्मल बनियनांच्या मधोमध बसवलेली असेलच. ती कस्टम्सच्या अधिकाऱ्याने उघडून हुंगली, की तुपाचे औषधी गुणधर्म आपण त्याला समजावून सांगावेत.

खोली शक्यतो मराठी मुलांसोबतच घ्यावी. जर्मन मुलांच्या फ्लॅटमध्ये राहिल्यास कागद, प्लॅस्टिक आणि ओला कचरा वेगवेगळ्या डब्यांत टाकणे, न्हाणीघर धुण्याची पाळी पाळणे, आणि मुख्य म्हणजे रोज कोणाशी तरी चार वाक्ये बोलणे असे प्रसंग ओढवतात. आपल्या माणसांत हा त्रास नाही. रविवारी तिथे दुकाने बंद असतात आणि इमारतीत शांतता पाळण्याचा नियम असतो. तेव्हा खोबऱ्याच्या चटणीसाठी मिक्सर लावण्याला हाच वार निवडावा. शेजारच्या आजी दार वाजवून काही बोलतील. ते काय आहे हे कोणालाच कळणार नाही, कारण जर्मन शिकायचे सगळ्यांनीच पुढच्या महिन्यापासून ठरवलेले असेल.

आता अभ्यास, थोडक्यात. एका सेमिस्टरला 30 क्रेडिट आणि एका क्रेडिटमागे 25 ते 30 तासांचे काम, असा तिथला हिशेब आहे. साडेसातशे ते नऊशे तास हा आकडा पाहून दचकू नये. तो वर्गात बसणाऱ्यांसाठी आहे. तास संपल्यावर मुले टाळ्या वाजवण्याऐवजी बाकावर बोटांच्या पेरांनी ठकठक करतात, आणि त्या आवाजाने वेळेवर जाग येते. परीक्षेसाठी वेगळी नोंदणी करावी लागते आणि मुदत उलटली की सहसा बसूच देत नाहीत, ही बातमी ॲमस्टरडॅमच्या कालव्यात होडीवर असताना मिळणे सर्वांत चांगले. चुकून नोंदणी झालीच, तर जर्मनीची गुणपद्धती आपल्याला सांभाळून घेते. तिथे 1.0 सर्वोत्तम, 4.0 जेमतेम पास आणि 5.0 नापास. आपण 4.0 मिळवून घरी फक्त आकडा कळवावा. न्यू जर्सीची मावशी अमेरिकन मापाने तो सर्वोच्च समजून सगळ्या नातेवाइकांत पेढे वाटायला लावील.

एवढे उरकले, की खऱ्या शिक्षणाकडे, म्हणजे प्रवासाकडे वळता येते. आरंभ जवळूनच करावा. आखेनजवळच्या फाल्सरबर्गवर तीन देशांच्या सीमा एकत्र येतात. हा 322 मीटरचा माथा युरोपातल्या नेदरलँड्सचा सर्वोच्च बिंदू मानतात. सिंहगड चढलेल्याने हसू आवरावे आणि तिथल्या खांबाभोवती एक प्रदक्षिणा घालावी, म्हणजे एका मिनिटात तीन देश खात्यावर जमा होतात.

त्यानंतर पॅरिस. शुक्रवारी रात्री बसमध्ये बसून शनिवारी पहाटे उतरावे, दात सार्वजनिक नळावर घासावेत आणि लूव्र संग्रहालयाकडे धावावे. सव्वीस वर्षांखालील युरोपनिवासींना, म्हणजे निवासाचा परवाना असलेल्या आपल्यालाही, तिथे प्रवेश फुकट आहे. त्यामुळे काही पाहण्याचे नैतिक बंधन राहत नाही. थेट मोनालिसा गाठावी. ती 77 बाय 53 सेंटिमीटरची असून तिच्यापुढे शेकडो हात फोन धरून उभे असतात. आपल्या फोटोत ती एका गृहस्थाच्या टकलावर टेकल्यासारखी येईल, तरी तो तत्काळ स्टेटसला लावावा. समोरच्याच भिंतीवर वेरोनेसे या चित्रकाराचे सुमारे दहा मीटर रुंदीचे भोजनसमारंभाचे चित्र आहे, परंतु ते पाहायला मोनालिसेकडे पाठ करावी लागते आणि रांगेतली जागा जाते. दुपारी आयफेल टॉवर, रात्री ब्रुसेल्सची बस. सोमवारी सकाळी कोणत्या शहरात काय खाल्ले, हे एकमेकांना विचारून फोटोंखाली लिहावे. (सगळीकडे मेतकूट-पोळीच खाल्ली असल्यास तसे लिहू नये.)

या धावपळीत आखेनचे कॅथीड्रल मात्र आतून कधीही पाहू नये. मध्ययुगीन सम्राट शार्लमेनने बांधवलेले प्रार्थनागृह त्यात आहे, त्याचे सिंहासनही आहे, आणि 1978 मध्ये युनेस्कोने जागतिक वारशाची पहिली बारा ठिकाणे जाहीर केली त्यांत हे एक होते. पण ते आपल्या किराणा दुकानाच्या वाटेवर पडते, आणि जे पाहायला रात्रभर बस लागत नाही ते पाहिल्याचे कौतुक कोणाला असणार? शेवटच्या आठवड्यात जाऊ म्हणावे. शेवटच्या आठवड्यात बॅगेचे वजन भरते.

परत आल्यावर कॉलेज तुम्हाला ज्युनिअर मुलांपुढे बोलायला बोलावील. तिथे युरोपीय कार्यसंस्कृतीवर अर्धा तास सहज निघतो. एखादी चौकस मुलगी उठून विचारील, की जर्मन माणसे स्वभावाने कशी असतात. क्षणभर थांबून, पुष्कळ अनुभव गाठीशी असल्यासारखा चेहरा करून, ‘फारशी मिसळत नाहीत’ असे सांगावे आणि पुढचा प्रश्न घ्यावा.