चित्पावन म्हणे इस्रायलची हरवलेली जमात!

"चित्पावन ही इस्रायलच्या दहा हरवलेल्या जमातींपैकी एक, डीएनएने सिद्ध! कोकणातले बेने इस्रायल मात्र मिशनऱ्यांनी ज्यू बनवलेले तेली" असा लांबलचक फॉरवर्ड परत फिरायला लागलाय. आत्याने फॅमिली ग्रुपवर टाकला तेव्हा सोडून दिलं, पण तिने तो आपल्या ठाण्याच्या बेने इस्रायल (म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजातल्या) मैत्रिणीलाही कौतुकाने पाठवला, आणि वर "तुला माहीत होतं का गं?" असं विचारलं. मी स्वतः कोकणस्थ आहे, त्यामुळे जळतोस का वगैरे विचारू नका.

आधी ते मिशनऱ्यांचं घेतो कारण त्यात सगळ्यात जास्त विष आहे. मुंबईत मशीद बंदरजवळ बेने इस्रायलांचं जुनं सिनेगॉग आहे, ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत असलेल्या सॅम्युएल दिवेकरांनी ते १७९६ साली बांधलं. अमेरिकन मिशनरी मुंबईत उतरले १८१३ ला. म्हणजे सतरा वर्षं आधी प्रार्थनास्थळ बांधून हे लोक आपल्याला बाटवायला कोणीतरी येईल म्हणून वाट बघत बसले होते का? अजून मागे जायचं तर कोचीनचा ज्यू व्यापारी एझेकिएल रहाबी याने १७६८ मध्ये हॉलंडला लिहिलेल्या पत्रात या लोकांचा उल्लेख आहे, की ते तेल गाळतात, शनिवार पाळतात आणि 'शेमा' ही प्रार्थना त्यांना येते, बाकी फारसं काही येत नाही. आता हे मान्य करावं लागेल की मिशनऱ्यांच्या शाळा आणि मराठी बायबल यांमुळे त्यांना आपलेच धर्मग्रंथ नीट वाचायला मिळाले, जॉन विल्सन या स्कॉटिश मिशनरीने तर मराठीतून हिब्रू व्याकरण लिहिलं. पण शिकवणं वेगळं आणि बनवणं वेगळं, इतकं तरी कळायला हवं ना.

आणि 'तेली' हा शब्द ज्या सुरात टाकलाय तो सूर आपल्या ओळखीचा आहे. गोरा घारा ब्राह्मण ज्यू असू शकतो, घाणा चालवणारा कसा असेल, एवढाच तो मुद्दा. अहो, शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणूनच त्यांना शनवार तेली म्हणायचे, म्हणजे जो पुरावा आहे तोच तुम्ही शिवी म्हणून वापरताय! हा अपमान त्यांनी इस्रायलमध्येही सोसलाय. तिथल्या मुख्य रब्बींच्या (ज्यू धर्मगुरूंच्या) कचेरीने साठच्या दशकाच्या सुरुवातीला फतवा काढला की बेने इस्रायलांची लग्नं लावायच्या आधी त्यांच्या पिढ्या तपासा. लोक रस्त्यावर उतरले, धरणं धरलं, शेवटी १९६४ मध्ये तिथल्या संसदेने ठराव करून सांगितलं की हे सर्व बाबतींत पूर्ण ज्यू आहेत. तो निकाल आता आपण व्हॉट्सॲपवरून उलटवणार का?

आता डीएनए. २०१६ ला प्लॉस वन या जर्नलमध्ये बेने इस्रायलांवर सविस्तर अभ्यास आलाय. त्यात स्पष्ट आहे की त्यांच्यात ज्यू आणि भारतीय असे दोन्ही वंश भरपूर प्रमाणात आहेत आणि ही सरमिसळ साधारण १९ ते ३३ पिढ्यांपूर्वीची आहे. म्हणजे फॉरवर्डमध्ये जे खोटे ज्यू ठरवलेत त्यांच्याकडे रिपोर्ट आहे. (पूर्वज दोन हजार वर्षांपूर्वी गलबत फुटून कोकणात आले ही त्यांची कथा त्याने सिद्ध होत नाही, तेही खरं.) चित्पावनांबद्दल म्हणाल तर २००५ च्या एका पेपरात पितृवंशात पश्चिम आशियाचा बराच अंश दिसतो असं आहे, फॉरवर्डवाल्याने बहुतेक तेच ओढून ताणून घेतलंय. पण पश्चिम आशिया म्हणजे तुर्कस्तानपासून इराणपर्यंत सगळं आलं, आणि त्या पेपरचा रोख इराण-शकांकडे आहे, ज्यूंकडे नाही. शिवाय इसवी सनापूर्वी ७२२ च्या सुमारास असिरियाने उत्तरेचं इस्रायल राज्य बुडवून ज्या लोकांना हाकललं, म्हणजे याच त्या दहा 'हरवलेल्या' जमाती, त्यांचं सँपल कोणाकडे आहे जुळवून बघायला? म्हणून तर पठाण, काश्मिरी, मिझो, जपानी, सगळ्यांना कोणी ना कोणी हरवलेली जमात ठरवून झालंय.

फॉरवर्डमधला चौदाचा मुद्दा: बेने इस्रायलांच्या कथेत अलिबागजवळच्या नवगावला गलबत फुटून वाचलेली सात जोडपी आणि चित्पावनांच्या कथेत परशुरामाने जिवंत केलेली चौदा प्रेतं. कथा सारख्या आहेत, कबूल. पण एकाच किनाऱ्यावरचे लोक एकमेकांच्या गोष्टी ऐकत नाहीत का? आणि सह्याद्रिखंड या जुन्या ग्रंथात तर परशुराम चितेजवळ जमलेल्या कोळ्यांना शुद्ध करून ब्राह्मण करतो असं आहे. ते व्हर्जन ग्रुपवर कधी आलेलं बघितलंय? मी तरी नाही.

फॉरवर्डमधल्या घारे डोळे या मुद्द्याला उत्तर देत नाही, कंटाळा आला.

राहता राहिलं फॉरवर्डचं शेवटचं वाक्य, "इस्रायलने आपल्याला नागरिकत्व द्यायला हवं". मणिपूर-मिझोरमच्या बनेई मेनाशे लोकांना २००५ मध्ये खुद्द तिथल्या मुख्य रब्बीने हरवलेल्या जमातीचे वंशज म्हणून मान्यता दिली, तरी त्यांना रीतसर धर्मांतराची प्रक्रिया पूर्ण करावी लागते, त्यात पुरुषांची सुंताही आली. आमच्या ग्रुपवर अंगठे दाखवणाऱ्या काकांपैकी कोण तयार आहे ते कळवा.