मुलांना बायपास लागतच नाही? फिरणाऱ्या मेसेजला मुद्देसूद उत्तर

घोडबंदर रोडपासून खारघरपर्यंत सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: मुलांच्या हृदयाच्या नसांत ब्लॉकेज होत नाही, बायपास सुचवणं ही लूट आहे, बायपाससाठी जोडलेली पायाची नस मूल वाढलं की तोकडी पडते, त्यापेक्षा स्टेंट (नस उघडी ठेवणारी जाळीची नळी) टाकावा.

"ब्लॉकेज होत नाही." चरबीचं क्वचित होतं. आईवडील दोघांकडून कोलेस्टेरॉलचा आनुवंशिक दोष आला, एलडीएल म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल 400च्या पुढे असलं, तर शाळकरी वयातही होतं. पण मुलांमधलं मोठं कारण आहे कावासाकी आजार, म्हणजे रक्तवाहिन्यांना सूज आणणारा ताप, तोही बहुधा पाच वर्षांखाली. त्याची लक्षणं: पाच दिवस किंवा जास्त ताप, चिपडं न येता लाल झालेले डोळे, फुटलेले ओठ, लालभडक जीभ, पुरळ, सुजलेले हातपाय, मानेत गाठ. ठाण्यात पावसाळ्यात असा ताप आला की आधी डेंग्यू-मलेरिया तपासतात, मग अँटिबायोटिक बदलतात, आणि मोलाचे दिवस जातात. तापाच्या पहिल्या दहा दिवसांत शिरेतून इम्युनोग्लोब्युलिन (रक्तदात्यांच्या रक्तातली प्रतिपिंडं) द्यायला हवं: किलोमागे 2 ग्रॅम, म्हणजे 12 किलोच्या मुलाला 24 ग्रॅम, 10 ते 12 तासांत. दहा दिवस उलटूनही ताप असेल तरी देतात. उपचाराविना चार-पाच मुलांतल्या एकाची कॉरोनरी, म्हणजे हृदयाला रक्त देणारी धमनी, फुगते. फुगा 8 मिमीचा किंवा मोठा असला की रक्त आत रेंगाळतं, गुठळी होते, आणि फुग्याच्या तोंडाशी नस वर्षानुवर्षं अरुंद होत जाते. म्हणून बायपासची वेळ कधी दहाव्या वर्षी येते, कधी पंचविशीत.

"पायाची नस तोकडी पडते." शिरेबद्दल हे खरंच आहे, ती मुलासोबत वाढत नाही. म्हणूनच मुलांत छातीच्या हाडामागची मॅमरी धमनी वापरतात. तिचं वरचं टोक जागीच राहतं, खालचं कॉरोनरीला शिवतात. ती लांबीनं आणि जाडीनं वाढते. खरा धोका घाईत आहे. मूळ नस पुरेशी अरुंद नसताना जोडणी केली, तर मूळ प्रवाहापुढे नव्या धमनीतून रक्त कमी वाहतं आणि ती बारीक पडून बंद होते. तेव्हा विचारायचं ते हे: स्ट्रेस टेस्टमध्ये (हृदयावर ताण देऊन केलेल्या तपासणीत) हृदयाला रक्त कमी पडताना दिसलं का? आणि कोणती धमनी जोडणार?

"स्टेंट टाका." त्याचा व्यास मुलासोबत वाढत नाही, आणि कॅल्शियम साचून कडक झालेली नस आत नेलेल्या साध्या बलूननं उघडत नाही. जोर लावला तर नसेला नवा फुगवटा येऊ शकतो.

ऑपरेशननंतर ॲस्पिरिन चालू राहतं, सहसा रोज किलोमागे 3 ते 5 मिलिग्रॅम. फ्लू किंवा कांजिण्या आल्या तर त्याच दिवशी हृदयरोगतज्ज्ञांना फोन करा, कारण या आजारांत ॲस्पिरिनमुळे यकृत आणि मेंदूला इजा होऊ शकते. फ्लूची लस दरवर्षी द्या. इम्युनोग्लोब्युलिन घेतल्यावर गोवर आणि कांजिण्यांच्या लसी मात्र 11 महिने थांबवतात.