तंतुकणिकांच्या ‘शांत’पणाविषयी : एका प्रतिक्रियेला उत्तर

अंडपेशीतील व सुरुवातीच्या भ्रूणातील तंतुकणिका (मायटोकाँड्रिया, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारी अंगके) ‘शांत’ असतात, असे मी माझ्या लेखात लिहिले होते. त्यावरची आपली प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. ‘पाठ्यपुस्तक चाळून लिहिलेला लेख’ अशा शब्दांनी तिची सुरुवात का व्हावी, हे दुसऱ्या वाचनानंतरही मला उमगले नाही. शुक्राणूच्या तंतुकणिका अंडपेशीत शिरतच नाहीत, हे माझे वाक्य चुकीचे होते. बहुतेक सस्तन प्राण्यांत त्या शिरतात आणि युबिक्विटिन या प्रथिनाची खूण लागून पुढे नष्ट होतात. ही दुरुस्ती मी केली आहे. तेवढ्यावरून लेखकाच्या वाचनाचे मोजमाप करणे मात्र जरा घाईचे वाटते.

आपला खरा रोख एका वाक्यात आहे : ‘पायरुवेट नसेल तर उंदराच्या युग्मनजाचे पहिले विभाजनही होत नाही, मग त्याच्या तंतुकणिका शांत कशा?’ (पायरुवेट हे तंतुकणिकांचे इंधन, आणि युग्मनज म्हणजे फलित अंडपेशी.) मी ‘शांत’ लिहिले होते. ‘बंद’ हा अर्थ आपण माझ्या तोंडी घातलात. अंडपेशीतील तंतुकणिका गोलसर असतात, त्यांच्या आतील पटलाला घड्या मोजक्याच असतात आणि त्यांचे श्वसन मंद असते. त्यांची संख्या लाखाच्या घरात असली, तरी सुरुवातीच्या विभाजनांत त्यांच्या स्वतःच्या डीएनएच्या नव्या प्रती जवळजवळ तयार होत नाहीत, त्यामुळे प्रत्येक विभाजनागणिक पेशीच्या वाट्याला साधारण निम्मा साठा येतो. ब्लास्टोसिस्टच्या (गर्भाशयात रुजण्याआधीच्या, पोकळ गोळ्यासारख्या भ्रूणाच्या) सुमारास त्या लांबट होतात, घड्या वाढतात आणि ऑक्सिजनचा वापरही चढतो. त्याआधीच्या संथपणामुळे घातक ऑक्सिजन-संयुगे कमी निर्माण होतात व पुढील पिढीला द्यायचा डीएनए जपला जातो, असे मानले जाते. ‘शांत भ्रूण’ ही कल्पना भ्रूणांच्या चयापचयाचे अभ्यासक हेन्री लीज यांनी २००२ मध्येच मांडली आहे. तो शब्द मी हौसेने घडवलेला नाही.

पायरुवेटचे महत्त्व मला शिकवण्याची तर मुळीच गरज नाही. मी नऊ वर्षे उंदरांचे भ्रूण वाढवले आहेत, आणि एकदा भ्रूण वाढवण्याच्या द्रव माध्यमात पायरुवेट घालायला मीच विसरले, तेव्हा दुसऱ्या दिवशी सारी युग्मनजे एकपेशीयच राहिलेली पाहिली आहेत. हा प्रसंग आपल्या बाजूने वापरता येईल, याची मला कल्पना आहे. पण मंद चालणारे यंत्र बंद पाडले तर काम थांबणारच.

राहिले आपले उरलेले मुद्दे : आंतर्द्रव्यजालिकेतून (पेशीतील पटलांच्या जाळ्यातून) उसळणाऱ्या कॅल्शियमच्या लाटा आणि पित्याकडून येणारे तारककेंद्र, म्हणजे पेशीविभाजनाला मदत करणारे अंगक (जे उंदरात येतही नाही). ते माझ्या लेखाचे विषय नव्हते. लेखाच्या शीर्षकात ‘पेशीअंगके’ (पेशीतील निरनिराळे भाग) हे अनेकवचन आहे, हे मला ठाऊक आहे.