निगेटिव्ह आली म्हणजे लेप्टो नाही असं नाही
लेप्टोवरच्या (लेप्टोस्पायरोसिस, साचलेल्या पाण्याचिखलातून होणारा जंतूंचा ताप) तुमच्या लेखातलं 'कार्ड टेस्टने 20 मिनिटांत लेप्टोचं निदान' हे वाक्य अर्धवट आहे हो. रक्ताची ती टेस्ट जंतू नाही, अँटीबॉडी (जंतूंशी लढायला शरीर बनवतं ती प्रथिनं) शोधते आणि त्या तयार व्हायलाच 5-7 दिवस जातात, मग तापाच्या दुसऱ्या दिवशी निगेटिव्ह आली तर तिच्यावर कसं विसंबायचं?

आमच्या बाबांचं तेच झालं, सिंधुदुर्गात लावणीचे दिवस, पायाला चिखल्या, डोळे लालभडक, पोटऱ्यांना चादर लागली तरी कळवळायचे आणि कार्डावर मात्र एकच रेघ, म्हणजे निगेटिव्ह. डॉक्टरांनी कार्ड बाजूला ठेवून जंतू शिरायची वाट म्हणून पायाच्या चिरा बघितल्या आणि लगेच डॉक्सी (डॉक्सीसायक्लिन हे अँटिबायोटिक) सुरू केली. आठवड्याने परत टेस्ट केली तेव्हा दुसरी रेघ उमटली, म्हणजे पॉझिटिव्ह. पावसाळा तोंडावर आलाय, एवढं लेखात टाकाच प्लीज.