कटिंगला किती पैसे द्यायचे?

पुण्यात आजही दीडशे रुपयांत केसांची साधी कटिंग होते, आणि त्याच रस्त्यावर चार दुकानं पुढे गेलं की सहाशे-सातशे लागतात. ऑफिसात नव्याने लागलेली मुलं मला विचारतात, "दादा, नक्की कुठं जायचं?" माझं मत पक्कं आहे. आपल्या केसांना काय लागतं ते बघा आणि तेवढ्याचेच पैसे द्या. दुकानाची काच बघून दर ठरवू नका.

दाट, सरळ केस असतील आणि बाजूने मशीन, वर कात्री एवढंच हवं असेल, तर गल्लीतला चांगला कारागीर पुरेसा आहे. मशीनचा तीन नंबर मारला की तो सगळीकडे तीनच नंबर असतो, त्याला एसी लागत नाही. केस विरळ व्हायला लागले असतील तर मात्र सगळं काम कात्रीचं असतं आणि त्याला वेळ द्यावा लागतो. तिथे दोन-तीनशे खुशाल द्या. फेड, म्हणजे बाजूचे केस खाली येता येता अगदी कातडीपर्यंत बारीक करत नेलेला कट, हवा असेल तर आधी महिन्याचा हिशोब करा. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटरच्या वर वाढतात, म्हणजे स्किन फेडची कड पंधरा दिवसांत पुसट होते. चारशेचा फेड महिन्यात दोनदा केला तर आठशे झाले. साधी कटिंग पाच-सहा आठवडे सहज निभते. पहिल्या पगारात हा फरक मोठा आहे.

महागड्या ठिकाणी बिल नीट वाचा. सलूनच्या सेवेवर आधी १८ टक्के जीएसटी होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ५ टक्के झालाय. म्हणजे पाचशेच्या कटिंगचे ५९० व्हायचे, ते आता ५२५ व्हायला हवेत. वर्षाला वीस लाखांच्या आत उलाढाल असलेल्या छोट्या दुकानाला या कराची नोंदणी लागतच नाही. एका मोठ्या सलूनमध्ये माझ्या बिलात न विचारता हेअर वॉश आणि सीरम लावलं होतं. तेव्हापासून खुर्चीत बसण्याआधीच एकूण किती होणार ते विचारतो. यात लाजण्यासारखं काही नाही.

हात चांगला आहे हे कसं ओळखायचं? पाण्याचा फवारा मारण्याआधी तो काय करतो ते बघा. आमच्या इथले कारागीर कोरड्या केसांतून कंगवा फिरवून आधी भोवरा शोधतात. तिथले केस बोटभर जास्त ठेवतात, कारण आखूड झाले की ते उभे राहतात. कल्ले झाल्यावर दोन्हीकडे बोटं टेकवून आरशात पातळी बघतात. मानेवर वस्तरा लावायच्या आधी नवं ब्लेड समोर फोडतात, अर्धं मोडून लावतात. दर काहीही असो, ब्लेड तुमच्यासमोर बदललं नाही तर उठून या.

आणि कृपा करून या माणसांशी घासाघीस करू नका. बऱ्याच सलूनमध्ये निम्म्याची पद्धत असते: निम्मे मालकाचे, निम्मे कारागिराचे. दीडशेतले पंचाहत्तर त्याच्या हातात पडतात. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये मार्चपासून बंद असलेली राज्यातली सलून जूनच्या शेवटी उघडली, तीही केस कापण्यासारख्या मोजक्याच कामांसाठी, दाढीला परवानगी नव्हती. दुकानाचं भाडं मात्र थांबलं नव्हतं. त्यानंतर दर वाढले तेव्हा लोक किती चिडले! दिवसभर उभं राहून मान-पाठ दुखवणारं कौशल्याचं काम आहे हे. पूर्वी गावात नाभिकाला बलुत्यात वर्षाचं धान्य मिळायचं, तेही सुगी बरी झाली तर. आज निदान त्याचा दर त्याला ठरवू द्या. सातशेच्या ठिकाणी वर टिप ठेवणारा माणूस इथे वीस रुपयांसाठी वाद घालतो, तेव्हा मला खरंच वाईट वाटतं.

म्हणून नव्या मुलांना माझा सल्ला: दीडशे-दोनशेतला एक कारागीर हेरा, दोन-तीन वेळा त्याच्याकडेच जा, तुमच्या केसांची त्याला ओळख होऊ द्या. रविवारी सकाळी जाऊ नका, सोमवारी बहुतेक दुकानं बंद असतात. मंगळवार ते गुरुवार दुपारी जा. खुर्ची मोकळी असते, मागे रांग नसते, आणि तेवढ्याच पैशांत तो निवांत कात्री चालवतो.