मिखाएल झाटलर बंडखोर होता का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. माझा लेख मिखाएल झाटलरवर होता: मोठेपणी पुन्हा बाप्तिस्मा घेणाऱ्या ॲनाबाप्टिस्ट पंथाचा सोळाव्या शतकातला पुढारी, ज्याला १५२७मध्ये जाळलं गेलं. त्यावरची तुमची प्रतिक्रिया सविस्तर आहे, त्यामुळे उत्तरही लांबणार. तुमचे आक्षेप तीन. झाटलरला लेखात साधू करून टाकलंय, प्रत्यक्षात तो राज्यव्यवस्था मोडायला निघालेला बंडखोर होता आणि जर्मनीतल्या म्युन्स्टर शहरात याच पंथाच्या लोकांनी काय केलं ते सगळ्यांना ठाऊक आहे, हा पहिला. नुसत्या बाप्तिस्म्यावरून कोणी कोणाला जाळत नाही, हा दुसरा. आणि छळाची वर्णनं अनुयायांनी मागाहून रंगवली आहेत, हा तिसरा.

दुसऱ्यापासून सुरुवात करू, कारण तिथे तुमचं निम्मं बरोबर आहे. प्रश्न नुसत्या पाण्याचा नव्हताच. त्या काळी तान्ह्या बाळाचा बाप्तिस्मा झाला की ते एकाच वेळी चर्चचं आणि गावाचं होई. ‘मोठेपणी समजून-उमजून घेतला तोच बाप्तिस्मा खरा’ असं म्हणणारा माणूस म्हणजे ‘तुमच्या समाजात मी जन्मानं आलेलो नाही’ असं म्हणणारा माणूस. झ्युरिकच्या नगरपरिषदेला हे पुरतं कळलं होतं. जानेवारी १५२५मध्ये तिने हुकूम काढला: आठ दिवसांत मुलांचा बाप्तिस्मा करा, नाहीतर शहर सोडा. मार्च १५२६मध्ये पुनर्बाप्तिस्म्याला बुडवून मारण्याची शिक्षा ठरली. त्याच वर्षी बाप्तिस्म्याची नोंदवही सुरू झाली, म्हणजे कोणाच्या घरचं मूल आलं नाही ते पाळकाला वहीत पाहूनच कळावं. ५ जानेवारी १५२७ला फेलिक्स मान्झ या ॲनाबाप्टिस्टाला लिमाट नदीत बुडवलं गेलं. हात बांधून गुडघ्यांवरून खाली ओढले आणि मधून काठी घातली, म्हणजे हातपाय हलवायची सोयच उरली नाही. हे करणारी झ्युरिक नगरी झ्विंगली या सुधारकाच्या धर्मसुधारणेला मानणारी होती, पोपला नव्हे.

आता झाटलर. ब्लॅक फॉरेस्टमधल्या सेंट पीटरच्या बेनेडिक्टाइन मठातून बाहेर पडलेला हा माणूस. तुम्ही म्हणता त्याच्यावरचा खटला राजद्रोहाचा होता. मे १५२७मध्ये रोटेनबुर्ग आम नेकार इथे वाचलेलं आरोपपत्र बघा. आरोप नऊ, पहिले सात सगळ्या कैद्यांवर, शेवटचे दोन त्याच्या एकट्यावर. सम्राटाचा हुकूम मोडला. प्रभुभोजनात, म्हणजे भाकर-द्राक्षारसाच्या विधीत, ख्रिस्ताचं शरीर नसतं असं शिकवलं. बालबाप्तिस्म्याने तारण होत नाही म्हटलं. मरणाऱ्याला लावायचं पवित्र तेल नाकारलं. मरियेचा व संतांचा अवमान केला. अधिकाऱ्यांपुढे शपथ घेऊ नये म्हटलं. प्रभुभोजनाची नवी रीत काढली. आणि त्याच्या एकट्यावर: मठ सोडून लग्न केलं, आणि तुर्क आले तर त्यांच्याशी लढू नये असं म्हणाला. नऊपैकी बाप्तिस्म्याचा एकच. शस्त्र उगारल्याचा, खंडणीचा, जाळपोळीचा एकही नाही.

तुर्कांचा आरोप मात्र जिव्हारी लागणारा होता. ऑगस्ट १५२६मध्ये मोहाचच्या लढाईत तुर्की सुलतान सुलेमानाने हंगेरीचं सैन्य मोडलं होतं, राजा लायोश जिवानिशी गेला होता. रोटेनबुर्ग हाब्सबुर्ग राजघराण्याच्या अमलाखाली होतं आणि त्या घराण्यातल्या ऑस्ट्रियाच्या आर्चड्यूक फर्डिनांडला आता थेट तुर्कांशी सामना होता. अशा वेळी झाटलरने कोर्टात उत्तर दिलं ते असं: युद्ध योग्य असतंच, तर मी तुर्कांवर जाण्यापेक्षा स्वतःला ख्रिस्ती म्हणवून भक्तांना पकडणाऱ्या-मारणाऱ्यांवर जाणं पसंत करीन; तुर्काला ख्रिस्ती धर्म ठाऊक नाही, तुम्हाला ठाऊक असून तुम्ही हे करता. वकिली सल्ल्याच्या दृष्टीने याहून वाईट उत्तर सुचणं कठीण. पण त्यातला ‘असतंच तर’ गाळून कोणी वाचू नये.

शपथेकडे तुम्ही दुर्लक्ष केलंत, आणि माझ्या मते सरकारची खरी अडचण तिथेच होती. दक्षिण जर्मनीच्या शहरांत नागरिकत्व, गिल्डचं (व्यावसायिकांच्या संघाचं) सभासदत्व, साक्ष, पहारा, कराची कबुली हे सगळं शपथेवर चाले. आज आपल्या कोर्टात शपथेऐवजी गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा करता येते, तशी सोय तिथे नव्हती. शपथ नाकारणारा माणूस गावकारभारात बसवायचाच कुठे? गंमत अशी की १५२५च्या नोव्हेंबरात झ्युरिकने झाटलरला हद्दपार केलं ते त्याच्याकडून शपथ घेऊनच. शपथ घ्यायचीच नाही हा ॲनाबाप्टिस्टांचा नियम पक्का झाला पुढे, २४ फेब्रुवारी १५२७ला श्लाइटहाइम गावातल्या त्यांच्या बैठकीत.

तिथल्या सात कलमांमध्ये बाप्तिस्मा, बहिष्कार, भाकर मोडणं, जगापासून वेगळं राहणं, पाळक, तलवार आणि शपथ असा क्रम आहे. बहिष्काराची रीत मत्तयाच्या अठराव्या अध्यायाची: दोनदा खाजगीत समजवा, तिसऱ्यांदा मंडळीसमोर. दंड नाही, फटके नाहीत. तलवारीचं कलम तुम्ही ‘राज्यसत्ता अमान्य’ असं वाचलंत. कलम म्हणतं की तलवार देवानेच नेमली आहे, पण ‘ख्रिस्ताच्या परिपूर्णतेबाहेर’. दुष्टांना शिक्षा करायला सरकार हवं. फक्त ख्रिस्ताच्या अनुयायाने ते पद घेऊ नये. याला बंड म्हणणं अवघड आहे. कारभारी लोकांना मात्र हे रुचणार नव्हतंच. शेतकऱ्यांचं बंड मोडून दोनच वर्षं झाली होती, आणि न्यायाधीशांना प्रत्येक बेकायदा बैठकीत तेच दिसत होतं.

म्युन्स्टर? तिथलं राज्य १५३४-३५चं. बहुपत्नीत्व, मालमत्तेची जप्ती, शिरच्छेद, सगळं खरं; लपवण्यासारखं काही नाही. पण झाटलर तेव्हा सात वर्षांपूर्वी मेला होता, आणि म्युन्स्टरची परंपरा मेल्खिओर हॉफमन ते यान मॅथाइस या प्रचारकांची, नेदरलँड्सकडून आलेली. ॲनाबाप्टिस्ट म्हटला की अहिंसावादीच, असंही मी म्हणत नाही: मोराव्हियातल्या निकोल्सबुर्गचा ॲनाबाप्टिस्ट बाल्थाझार हुबमायर ख्रिस्ती माणसाने तलवार धरायला हरकत नाही असं १५२७मध्येच लिहीत होता. त्यालाही व्हिएन्नात १० मार्च १५२८ला जाळलं. म्हणजे तलवार मानणारा आणि न मानणारा, दोघांचा शेवट सारखाच.

राहिली छळाची वर्णनं. जीभ कापणं, तापलेल्या चिमट्यांनी मांस ओढणं आणि मग जाळणं हे निकालपत्रातच लिहिलेलं आहे. खटल्याचा एक वृत्तान्त क्लाउस फोन ग्राफेनेक या सरदाराचा आहे. तो बंदोबस्तासाठी तिथे हजर होता, झाटलरच्या मंडळीतला नव्हता. हा वृत्तान्त त्याच वर्षी छापला गेला. तुम्ही ज्या डच हुतात्माग्रंथाचा हवाला देता तो १६६०चा. झाटलरची बायको मार्गारेठा हिने माघार घ्यायला नकार दिला आणि थोड्याच दिवसांत तिला नेकारमध्ये बुडवलं.

अनुयायांचा शब्द नकोच असेल तर स्ट्रासबुर्गचे दोन धर्मसुधारक पाहा. बुत्सर आणि कापिटो यांनी झाटलरशी बाप्तिस्मा आणि शपथेवरून वाद घातला होता, आणि त्याचं म्हणणं त्यांना पटलं नव्हतं. तरी बुत्सरने त्याला ख्रिस्ताचा हुतात्मा म्हटलं, आणि कापिटोने ३१ मे १५२७ला होर्बच्या नगरपरिषदेला पत्र धाडलं: झाटलरच्या चुका सांगितल्या, आणि तुरुंगात उरलेल्यांवर दया करा अशी विनंती केली.